सहा आठवडे काही बदलायचं नाही

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

चारूने सिगारेट सोडली. आज सकाळी सव्वासात वाजता. वेळ लिहून ठेव म्हणाला, म्हणून लिहिली. सव्वीस वर्षं, रोजच्या अठरा. पाकिटात चार उरल्या होत्या, त्या नळाखाली धरल्या. मग त्या ओल्या सिगारेटींकडे असा बघत उभा राहिला की मला वाटलं, आता हा टॉवेल आणून पुसतो त्यांना.

कारण काय, तर इथे आखातात व्हिसासाठी करावी लागते त्या मेडिकलला एक्स-रे काढला. त्यात काही निघालं नाही. पण काढणाऱ्याने सहज विचारलं, "सर, स्मोकर?" झालं. दोन दिवस हा घरात फिरतोय — "त्याला कसं कळलं?" अरे, तू लिफ्टमधून उतरलास की पाचव्या मजल्यावरच्यांना कळतं.

मनालीचा बारावीचा शेवटचा पेपर आज झाला. जुलैत पुण्याला कॉलेजला जाणार. तिने "गुड लक, पप्पा" म्हटलं आणि हेडफोन लावला.

६ एप्रिल, रविवार

तिसरा दिवस. दंडावर निकोटिनचा पॅच लावलाय, तरी कुकरशी भांडला. तिसरी शिट्टी उशिरा झाली म्हणून. मी शिट्टीची बाजू घेतली. मग माझ्याशी भांडला.

८ एप्रिल, मंगळवार

आज त्याला ओढून माझ्याच क्लिनिकमध्ये नेलं. सोळा वर्षं मी तिथल्या इन्शुरन्स डेस्कवर बसते. "अ‍ॅप्रूव्हल पेंडिंग आहे" हे वाक्य मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत म्हणू शकते. त्याबदल्यात डॉक्टर मोईन मला रांगेशिवाय आत सोडतात.

चारू खुर्चीत बसला तो दात उपटून घ्यायला आल्यासारखा. डॉक्टर हैदराबादचे, हळू बोलतात. "चारू भाई, निकोटिन तो पॅच से मिल रहा है. फिर भी जी नहीं लग रहा. सही?"

चारूने मान हलवली.

"क्यूँ कि मामला सिर्फ निकोटिन का नहीं है."

आणि मग त्यांनी अ‍ॅप्रूव्हल फॉर्मच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं. मेंदूत डोपामिन, सेरोटोनिन अशी द्रव्यं सुटतात, त्यांनी बरं वाटतं. काम झालं की त्यांना मोडून साफ करणारं एक एंझाईम असतं — मोनोअमाइन ऑक्सिडेज. सिगारेटच्या धुरात दुसरी काही द्रव्यं असतात, ती या एंझाईमला जखडून ठेवतात. निकोटिन नव्हे, धूर! ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले तेव्हा ते तीस-चाळीस टक्के कमी दिसलं म्हणे. साफसफाई कमी, म्हणून मजा जास्त वेळ टिकते, म्हणून निकोटिनची चटकही घट्ट बसते. डिप्रेशनची काही जुनी औषधं नेमकं हेच करायची.

म्हणजे हा माणूस सव्वीस वर्षं दिवसातून अठरा वेळा औषध घेत होता, आणि तरी त्याचं तोंड तसं असायचं.

"आता धूर बंद. एंझाईम परत येतंय," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "जे काही बरं वाटणारं सुटतं, ते लगेच साफ. म्हणून चिडचिड. एम-ए-ओ म्हणतात त्याला. माओ."

"माऊ?" चारू म्हणाला. तिथवर तो ऐकतच नव्हता.

माऊ म्हणजे बिल्ली, हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. "बिल्ली! हां. दूध गिरा, बिल्ली चाट गई. सिगरेट ने बिल्ली को सुला के रखा था. अब उठी है, भूखी है."

"किती दिवस?" मी विचारलं.

"पक्का कोई नहीं बोलता. आप छह हफ्ते पकड़ो. तब तक कोई बड़ा फैसला नहीं. नौकरी, गाड़ी, घर — कुछ नहीं बदलना."

सहा आठवडे म्हणजे १६ मे. कागदावर लिहून फ्रीजवर लावलं.

मला मात्र दिवसभर वेगळंच वाटत होतं. मोनोअमाइन ऑक्सिडेज हा शब्द मी वीस-बावीस वर्षांपूर्वी पाठ केला होता. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, रत्नागिरीत, बायोकेमिस्ट्रीच्या वहीत. लग्नाआधी दोन वर्षं चिपळूणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते मी. लोकांच्या रक्ताच्या स्लाइड वाचायचे. ते सगळं इतकं लांब गेलंय की डॉक्टर चित्र काढताना मी त्यांच्या आधी पुढचा शब्द म्हणाले, तेव्हा त्यांच्याहून मीच दचकले.

९ एप्रिल, बुधवार

घरात आता आम्ही चौघं. चारू, मी, मनाली आणि माऊ.

१२ एप्रिल, शनिवार

शेजारचा पर्सी जेवायला होता. वसईचा, इथे हॉटेलात फ्रंट ऑफिसला. त्याची बायको अ‍ॅलिस डबल ड्युटीवर. पर्सी आणि चारू अकरा वर्षं खाली पार्किंगमध्ये एकत्र ओढायचे, त्यामुळे पर्सी सध्या विधुर झाल्यासारखा हिंडतोय.

पर्सीने त्याचा तो पोपटाचा जोक सुरू केला. अर्ध्यावर आला असेल.

चारू म्हणाला, "पर्सी, हा तू मला दोनशे वेळा सांगितलायस. पहिल्या वेळीही मला हसू आलं नव्हतं."

पर्सीच्या हातात सुरमईचा तुकडा तसाच राहिला. मी म्हटलं, पर्सी, तो बोलत नाहीये, त्याचं एंझाईम बोलतंय. सगळं समजावलं. पर्सीने नीट ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "वहिनी, म्हणजे अकरा वर्षं हसत होता तो चारू नव्हताच? ती सिगारेट हसत होती?"

मी त्याला आणखी एक सुरमई वाढली.

१६ एप्रिल, बुधवार

चारूच्या कामावरची, कुसैसच्या गोडाऊनमधली गोष्ट. मॅनेजर विघ्नेश मीटिंगमध्ये पुढच्या वर्षाचं टार्गेट दाखवत होता. चारूने हात वर करून सांगितलं की ही गेल्या वर्षीचीच स्लाइड आहे, फक्त साल बदललंय, आणि ते पण एकाच जागी. विघ्नेशने मागे वळून पाहिलं. खाली कोपऱ्यात २०२४ होतं.

मी कपाळावर हात मारला. "मग?"

"मग मी त्याला माऊचं सांगितलं. तो म्हणाला, टेक टू डेज ऑफ."

दोन दिवस हा घरात. देवा.

१९ एप्रिल, शनिवार

सुट्टीत माणसाला विचार करायला वेळ मिळतो, हे वाईट.

आज पोहे खाताखाता म्हणाला, "संपदा, मला इथे राहायचंच नाहीये. मला कधीच राहायचं नव्हतं. आपण देवरुखला परत जाऊ."

देवरुख त्याचं गाव. वर्षातून आठ दिवस जातो, त्यातले पाच वाय-फाय शोधण्यात घालवतो.

"जाऊन काय करणार?"

"बांबू."

"बांबू काय?"

"लावायचा."

दुपारपर्यंत बांबूच्या शेळ्या झाल्या होत्या. चार वाजता होमस्टे. संध्याकाळी कोकम सरबत, बाटलीवर माझा फोटो. मनाली म्हणाली, "मम्मा, ही इज लिटरली अनवेल."

मी फ्रीजकडे बोट दाखवलं. १६ मेपर्यंत काही बदलायचं नाही. जाता जाता म्हणाला, "मी सतरा तारखेला पण हेच म्हणेन." असं म्हणाला तेव्हा चिडलेला नव्हता. त्यामुळे मला जरा भीती वाटली. मला इथे सवय झालीय. सगळं हाताशी आहे. तिकडे जाऊन मी काय करू, होमस्टेच्या चादरी धुऊ?

२३ एप्रिल, बुधवार

एक गोष्ट लक्षात आलीय, ती कुणाला सांगण्यासारखी नाही.

चारू बाल्कनीत ओढायला जायचा तेव्हा मी चहा घेऊन मागे जायचे. वास आवडायचा म्हणून नाही, शी. पण तेवढी सात मिनिटं तो एका जागी उभा असायचा. समोर लगूनचं पाणी, त्यातलं ते कारंजं, आणि आम्ही बोलायचो. अठरा वर्षांतलं जे काही महत्त्वाचं बोललो, ते तिथे. मनालीच्या शाळेचं, त्याच्या आईच्या ऑपरेशनचं, सगळं. आता बाल्कनीचं दार बंद. आज मी एकटीच जाऊन उभी राहिले.

चारूने आतून विचारलं, "काय करतेस?"

"काही नाही."

"एसी बाहेर जातोय."

दार लावून घेतलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये गेले. उझमा तिथली टेक्निशियन, कराचीची, मनालीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मला फक्त विचारायचं होतं की हे एंझाईम प्लेटलेटमध्ये मोजतात असं मी वाचलं, ते इथे होतं का. ती हसली. "आपा, यहाँ नहीं होता. रिसर्चवाले करते हैं. पर आपको प्लेटलेट से क्या?"

मी सांगितलं, मी पूर्वी हेच करायचे. तिने एकदम स्टूल पुढे सरकवलं. "तो देखिए ना."

स्लाइड लागलेलीच होती. डोळा लावला, फोकस फिरवला. फोकस बोटांना आपोआप सापडला. आणि ते आलं समोर — गुलाबी पेशी, मध्येच जांभळ्या केंद्रकाची एखादी पांढरी. न्यूट्रोफिल. न्यूट्रोफिल. लिम्फोसाइट. मी मोजायला लागले. शंभर पूर्ण होईपर्यंत उठले नाही. उझमाच्या आकड्याशी ताडून पाहिलं, एकाचा फरक.

"एक इओसिनोफिल मैंने छोड़ दिया था," ती म्हणाली. "आपका सही है."

सुट्टी संपून बारा मिनिटं झाली होती. डेस्कवर सहाजण उभे. मी सगळ्यांना हसून "अ‍ॅप्रूव्हल पेंडिंग" सांगितलं, त्यातल्या एकाने उलट "शुक्रन" म्हणून आभार मानले.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मनाली पोटात होती. मग ती लहान. इथे लॅबमध्ये काम करायच्या परवान्यासाठी सलग अनुभव हवा होता, माझा खंड पडत गेला. कुणी अडवलं नव्हतं. मीच विषय काढला नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

कचरा टाकायला बेसमेंटला गेले. खांबाआड धूर. मी पुढे. चारू आणि पर्सी.

चारूचे हात मागे. पर्सीच्या दोन्ही हातांत एकेक पेटलेली सिगारेट.

"पर्सी, दोन?"

पर्सीने आधी उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या. "वहिनी, आजकाल टेन्शन खूप आहे." आणि खरंच दोन्हींचा एकेक झुरका घेतला, आळीपाळीने. अ‍ॅलिसला असा नवरा मिळाला आणि मला असा.

लिफ्टमध्ये चारू म्हणाला, "तीन झुरके." नवव्या मजल्यावर म्हणाला, "पाच."

३ मे, शनिवार

डॉक्टर मोईनना विचारलं, एका सिगारेटने सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का?

"एक से बिल्ली सोती नहीं," ते म्हणाले. "जम्हाई लेती है. दूसरी मत पीने दो."

१६ मे कायम.

रोज जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये जाते. उझमा जुन्या स्लाइडचा डबा काढून ठेवते. रिपोर्टवर सही तिची, मी नुसती बघते. जेवणाचा डबा मी डेस्कवर बसल्याबसल्या खाते.

७ मे, बुधवार

चारूला वास यायला लागला! दारातूनच, "आज सुकट?" मग आमटीचा घोट घेऊन म्हणाला, "कोकम थोडं कमी पडलंय."

अठरा वर्षं मी ही आमटी करतेय. त्याला ती आज पहिल्यांदा भेटली.

रात्री घोरला नाही. सकाळी दाढी करताना गुणगुणत होता. पर्सीला स्वतःहून फोन करून पोपटाचा जोक पुन्हा सांगायला लावला. म्हणाला, "चांगला आहे रे, मी नीट ऐकलाच नव्हता." पर्सी बिचारा फोनवरच गहिवरला.

९ मे, शुक्रवार

चिपळूणला केतकर मॅडमना फोन केला. डॉक्टर नर्मदा केतकर, माझ्या तेव्हाच्या लॅबच्या. दिवाळीला मेसेज जातो, तेवढाच संबंध. फोन करायचं कारण चारू. देवरुखजवळ बांबू लावून खरंच कुणाचं काही झालंय का, त्यांच्या ओळखी खूप. तो सतरा तारखेला हट्टाला पेटला तर माझ्याकडे माहिती हवी.

बांबूवर त्या अर्धा मिनिट बोलल्या. मग लॅबवर. नवीन मशीन घेतलंय, पण मशीनला जे विचित्र दिसतं ते शेवटी माणसालाच बघावं लागतं. त्यांचा टेक्निशियन पुण्याला गेला. त्यांच्या स्वतःच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा डोळा ऑगस्टमध्ये.

"तू अजून स्लाइड वाचतेस का गं?"

मी म्हटलं, "हो."

हे खोटं नाही. पंधरा दिवस तरी वाचतेय.

"मग एवढ्या लांब बसून कुणाच्या वाचतेस? इथे ये. जुलैत ये. सुरुवातीला मी शेजारी बसेन."

मी हसून विषय बदलला. फोन ठेवल्यावर बघितलं, तर अ‍ॅप्रूव्हल फॉर्मवर मी पेशी काढत बसले होते. सगळ्या फॉर्मभर. तो पेशंटचा फॉर्म पुन्हा भरावा लागला.

चारूला सांगितलं नाही. सतरा तारखेला तो देवरुख म्हणेल, तेव्हा मी चिपळूण म्हणेन. तासाभराचं तर अंतर. मनाली पुण्यात. बसतंय सगळं. मी उगाच विरोध करत होते.

१३ मे, मंगळवार

मनालीचा निकाल. ब्याऐंशी टक्के. अ‍ॅलिसने बेबिंका पाठवली, तो थराथरांचा गोड केक.

त्या आनंदात चारूने दुसरी बातमी दिली. विघ्नेशने नवीन गोडाऊन त्याच्या हाताखाली दिलंय. त्या स्लाइडच्या प्रकरणानंतर विघ्नेशला वाटायला लागलंय की खरं बोलणारा हा एकच माणूस आहे. तीन वर्षांचं काम. चारू इतका खूश होता की त्याने बेबिंकाचे थर एकेक सोडवून खाल्ले.

मी विचारलं, "आणि देवरुख?"

"काय देवरुख?"

"बांबू. होमस्टे. मला कधीच इथे राहायचं नव्हतं, म्हणाला होतास."

तो मोठ्याने हसला. "अगं, ती माऊ बोलत होती! तू अडवलंस म्हणून वाचलो. आता कुठे मला इथे बरं वाटायला लागलंय."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं झालं." मग आत जाऊन धुतलेला कप पुन्हा धुतला.

१६ मे, शुक्रवार

सहा आठवडे झाले. चारूने फ्रीजवरचा कागद काढून पर्सीला भेट दिला. पर्सीने भाषण केलं, त्यात जाहीर केलं की तोही सोमवारपासून सोडतोय. कोणत्या सोमवारपासून ते इन्शाल्लावर ठेवलंय. मनाली म्हणाली, "आय अ‍ॅम अ‍ॅक्च्युअली प्राउड ऑफ यू, पप्पा," आणि हेडफोन काढून त्याला मिठी मारली. तो रडला. मीही रडले. मला त्याचा खरंच अभिमान वाटतो, हेही इथे लिहून ठेवते.

सगळे गेल्यावर म्हणाला, "चला, आता मोठे निर्णय घ्यायला मोकळे! तुला काय वाटतं, गाडी बदलायची का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

१९ मे, सोमवार

सकाळी राजीनामा दिला. एक महिन्याची नोटीस. जुलैत मनालीला पुण्याला सोडायचं आणि तिथून मी पुढे चिपळूणला, लॅबमध्ये रुजू. मॅडमना कळवलं.

चारू कामावरून आला तेव्हा दारातच सांगितलं, नाहीतर पुन्हा कधी जमलं नसतं. तो एक बूट काढून तसाच खाली बसला. दुसरा बूट पायातच.

मग म्हणाला, "मला वाटत होतं, या घरात मीच तेवढा बदलतोय."